डराव डरावच्या पलीकडे: आवाजावरून बेडूक कसा ओळखायचा

पहिला दमदार पाऊस झाला की त्याच रात्री डबक्यापाशी जा. उद्यावर ढकलू नका, काही जाती पावसाळ्याच्या सुरुवातीच्या मोजक्याच रात्री ओरडतात. तुमची चाहूल लागताच सगळे गप्प होतील. टॉर्च बंद करून पाच-दहा मिनिटं उभे राहा. एकाने सूर लावला की बाकीचे मागे राहत नाहीत.

आधी नुसता कल्ला वाटतो. त्यातला एकच आवाज धरा आणि तो कुठून येतोय ते ठरवा: पाण्यातून, काठच्या गवतातून की झुडपातून? निम्मं काम इथंच होतं. मग तो स्वतःच्या तोंडाने काढून बघा. लाज वाटते, पण तोंडात बसलेला आवाज विसरत नाही. मिनिटभर मोबाइलवर रेकॉर्डही करा.

डबक्यातून भरदार, घोगरं 'ड्रांव ड्रांव' आलं तर तो इंडियन बुलफ्रॉग. विणीच्या काळात नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. याला ओळखायला कुणी चुकत नाही. लांबलचक 'कुर्रर्रर्र' भेकाची, म्हणजे टोडची. पाठीवर चामखिळी, डोक्यावर काळ्या कडा. लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज फांदीवरून किंवा भिंतीवरून आला तर झाडावरचा बेडूक. त्याच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, आणि पाण्याच्या वर चिकटलेला फेसाचा गोळा हे त्याचंच घरटं.

आता एक कंगवा घ्या आणि दातांवरून नख ओढा. असाच आवाज काढतो तो मायक्रोहायला ऑर्नाटा नावाचा बेडूक. पहिल्यांदा ऐकला तेव्हा एवढा दणदणीत आवाज म्हणजे मुठीएवढा बेडूक असणार, या हिशोबाने मी अर्धा तास चिखल तुडवला. महाशय निघाले गुराच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात, अंगठ्याच्या नखाहून जेमतेम मोठे! आवाजावरून आकार ठरवू नका.

मराठी नावं गावागणिक बदलतात, म्हणून वहीत शास्त्रीय नावही लिहा. ती वाटतात तेवढी अवघड नाहीत. ऑर्नाटा म्हणजे नटलेला, झाडावरच्या बेडकाच्या नावातला मॅक्युलेटस म्हणजे ठिपकेवाला. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांच्या 'राऑर्चेस्टिस' या प्रजातीला 2010 साली हे नाव मिळालं, त्यातले 'राव' म्हणजे बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव. पण अशी नावं रंगरूप सांगतात नाहीतर माणसं, आवाज क्वचितच. तेव्हा शेजारी तुमचा शब्द लिहा: 'कंगवा', 'टकटक'.

उबदार रात्री तोच बेडूक भरभर ओरडतो, त्यामुळे वेगापेक्षा आवाजाच्या पोतावर भरवसा ठेवा. रेकॉर्डिंग वाजवून त्यांना भुलवू नका, हातही लावू नका. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो.

टॉर्च सगळ्यात शेवटी, खात्री करण्यापुरता. उजेडात एखादा बेडूक मुकाट बसलेला दिसला तर आवाजांच्या यादीत त्याला शोधत बसू नका. ओरडतात बहुतेक नरच, ती मादी असू शकते.