मेडिकेअर-मेडिकेड घेणारी थेरपिस्ट शोधताय? मग या चुका टाळा

बाबा गेल्यानंतर आईची झोप गेली, जेवण अर्ध्यावर आलं आणि मंडळाच्या कार्यक्रमाला चल म्हटलं की "डोकं दुखतंय गं". डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांआधी कुणाशी तरी बोलू दे त्यांना, क्लिनिकल सोशल वर्कर बघा. हे घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते, "सोशल वर्कर? मी काय निराधार आहे का?" आपल्या कानाला तो शब्द समाजसेवकासारखाच लागतो ना. पण इथे अमेरिकेत ही मंडळी मास्टर्स केलेली, देखरेखीखाली काम करून, परीक्षा देऊन लायसन्स मिळवलेली थेरपिस्ट असतात. औषध लिहून देत नाहीत, बाकी थेरपी पूर्ण करतात.

आईकडे मेडिकेअर (मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी इन्शुरन्स) आहे आणि उत्पन्न कमी म्हणून मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स). मला वाटलं दोन-दोन इन्शुरन्स आहेत म्हणजे काम झालंच. कसलं काय, पुढचा दीड महिना ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये मी फक्त फोन लावत होते. तेव्हा केलेल्या चुका लिहितेय, तुम्ही करू नका.

"तुम्ही मेडिकेड घेता का?" एवढंच विचारणं

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला. रिसेप्शनवाली "हो" म्हणते, आपण खूश, फॉर्म भरतो, आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी फोन येतो की तुमचा प्लॅन आम्ही घेत नाही. कारण बहुतेक राज्यांत मेडिकेड प्रायव्हेट कंपन्यांच्या प्लॅनमधून चालतं, एकाच राज्यात असे चार-पाच प्लॅन असू शकतात आणि थेरपिस्ट त्यातल्या एखाद्याच्याच नेटवर्कमध्ये, म्हणजे करार केलेल्यांच्या यादीत असते. त्यात नावांचा घोळ वेगळाच, कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर, वॉशिंग्टनमध्ये ॲपल हेल्थ, सगळी मेडिकेडचीच रूपं. आणि त्याच कंपनीचा नोकरीवाला प्लॅनही असतो, समोरची बाई बऱ्याचदा त्यालाच "हो" म्हणत असते.

म्हणून कार्ड हातात धरून असं विचारा: कार्डावर प्लॅनचं हे नाव आहे, या नावाची थेरपिस्ट याच प्लॅनमध्ये, याच पत्त्यावर आहे का, नवीन पेशंट घेतायत का, आणि पहिली तारीख कधीची? मग थेरपिस्टचा दहा आकडी एनपीआय नंबर, म्हणजे तिचा सरकारी ओळख क्रमांक मागा (सरकारी एनपीआय रजिस्ट्रीत फुकट शोधताही येतो), प्लॅनला फोन करून त्या नंबरवर खात्री करा आणि त्या कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. मी वहीच केली होती, तारीख, कोणाशी बोलले, काय म्हणाले. आणि हो, कार्डाची मागची बाजू बघा, काही ठिकाणी मेंटल हेल्थचं काम वेगळीच कंपनी किंवा काउंटी बघते आणि तिचा नंबर तिथे बारीक अक्षरात असतो.

प्लॅनच्या वेबसाइटवरची यादी खरी मानणं

यादीत नाव दिसलं म्हणजे माणूस आहेच असं नाही. नंबर बंद, थेरपिस्ट कधीच सोडून गेलेली, किंवा व्हॉइसमेल ठेवून ठेवून आपण दमतो. हे माझंच नशीब खोटं असं वाटायचं मला, पण २०२३ मध्ये सिनेटच्या फायनान्स कमिटीच्या स्टाफने ६ राज्यांतल्या १२ मेडिकेअर ॲडव्हान्टेज (प्रायव्हेट कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) प्लॅनच्या यादीतले १२० मेंटल हेल्थ प्रोव्हायडर फोन करून तपासले तर अपॉइंटमेंट मिळाली फक्त १८ टक्के वेळा. अशा यादीला इथे घोस्ट नेटवर्क म्हणतात, भूतच ते.

त्यामुळे एकेकीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, एकाच दिवशी आठ-दहा फोन लावा. सगळीकडे नकार आला तर ती वही काढा आणि प्लॅनला सांगा की मी इतक्या जणांना विचारलं, कोणीच नाही, आता तुम्ही शोधून द्या. मेडिकेडच्या प्लॅनकडे नेटवर्कमध्ये वेळेत कोणी मिळत नसेल तर त्यांना नेटवर्कबाहेरच्या थेरपिस्टचा खर्च करावा लागतो, फेडरल नियम आहे तो. तोंडी ऐकलं नाही तर लेखी ग्रीव्हन्स म्हणजे तक्रार टाका, आपण मराठी माणसं इथेच भिडेखातर गप्प बसतो.

मेडिकेअर आहे म्हणजे सगळे घेतील असं समजणं

थेरपिस्टला मेडिकेअरमधून बाहेर पडता येतं, त्याला ऑप्ट आउट म्हणतात, आणि ते दोन-दोन वर्षांचं असतं. अशा थेरपिस्टकडे गेलात तर ती प्रायव्हेट करारावर सही घेते आणि मेडिकेअर एक डॉलरही देत नाही, नंतर क्लेम टाकूनही नाही. लोक बाहेर का पडतात? मेडिकेअर क्लिनिकल सोशल वर्करला डॉक्टरच्या रेटच्या ७५ टक्केच देतं, वर पेपरवर्क. मेडिकेडचे रेट तर बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. राग येतो, पण गणित कळतं.

उलट जी ओरिजिनल मेडिकेअर (थेट सरकारकडून मिळणारं) घेते तिला मेडिकेअरने ठरवलेलीच फी घ्यावी लागते, पार्ट बीचं (डॉक्टर-थेरपीच्या खर्चाचा भाग) डिडक्टिबल, म्हणजे वर्षातली आधी आपण भरायची रक्कम, संपल्यावर आपला वाटा २० टक्के. मेडिकेअर ॲडव्हान्टेज असेल तर मात्र पुन्हा नेटवर्क बघा. आणि शोध फक्त सोशल वर्करपुरता ठेवू नका, जानेवारी २०२४ पासून मेंटल हेल्थ काउन्सेलर आणि मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टही मेडिकेअरला बिल लावू शकतात.

आईसारखं दोन्ही असेल तर थेरपिस्ट दोन्हीकडे आहे का ते विचारा, कारण आधी मेडिकेअर देतं, मेडिकेड सगळ्यात शेवटी. इथे मी पैसे घालवले. एका क्लिनिकने २० टक्क्यांचं बिल घरी पाठवलं आणि मी मुकाट्याने भरलं. नंतर कळलं की आई क्यूएमबी म्हणजे क्वालिफाइड मेडिकेअर बेनिफिशियरी आहे, तिच्याकडून तो वाटा मागताच येत नाही. परत मिळवायला तीन पत्रं लागली! बिल आलं की आधी फोन, मग चेक. मेडिकेअरबद्दल काही अडलं तर प्रत्येक राज्यात शिप नावाचा फुकट सल्ला देणारा कार्यक्रम आहे, तिथल्या आजोबांनीच मला हे क्यूएमबीचं सांगितलं.

फक्त प्रायव्हेट प्रॅक्टिस शोधत बसणं

फेडरली क्वालिफाइड हेल्थ सेंटर म्हणजे सरकारी मदतीवर चालणारे दवाखाने असतात, तिथे मेडिकेअर-मेडिकेड दोन्ही चालतं, इन्शुरन्स नसेल तर उत्पन्नाप्रमाणे फी, आणि बऱ्याच ठिकाणी सोशल वर्कर तिथेच बसते. इमारत दिसायला साधी असते, त्यावर जाऊ नका. आईला शेवटी तिथेच मिळाली.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

लायसन्सची अक्षरं राज्यागणिक बदलतात, क्लिनिकल सोशल वर्करच्या नावापुढे कुठे एलसीएसडब्ल्यू, कुठे एलआयसीएसडब्ल्यू, त्यामुळे एकच शब्द टाकून सर्च करू नका. व्हिडिओ सेशन असेल तर सेशनच्या वेळी पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, आई दोन महिने ताईकडे टेक्सासला गेली आणि सेशन थांबले, आधी विचारलं असतं तर सोय करता आली असती. मेडिकेडच्या रिन्यूअलचं पाकीट जाहिरात समजून टाकू नका, कार्ड पर्समध्ये तसंच राहतं आणि कव्हरेज गेलेलं असतं. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असतील तर हे सगळं शोधत बसायचं नाही, सरळ ९८८ हा संकटातल्या मदतीचा नंबर लावायचा.

आणि भाषा. मराठी बोलणारी थेरपिस्ट, तीही मेडिकेड घेणारी, शोधत मी तीन आठवडे घालवले. क्लिनिकला दुभाषा फुकट द्यावा लागतो, अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला जोडून देतात. पहिल्या वेळी दुभाषा आला नाही म्हणून मीच आत बसले, आई पन्नास मिनिटं "सगळं ठीक आहे, मुलगी खूप करते माझं" एवढंच म्हणत राहिली. पुढच्या वेळी फोनवर दुभाषी बाई होती, मी बाहेर गाडीत. आई बाहेर आली ती डोळे लाल करून, आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीये मी."