रेडिएटरचा पंखा थांबतच नसेल तर

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकलेला असताना गाडीचा रेडिएटर पंखा बराच वेळ फिरत राहिला, तर त्यात नवल नाही. एसी सुरू असला की बहुतेक गाड्यांत तो इंजिन फारसे न तापताही चालतो, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गाडी थांबवली, तर काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो थोडा वेळ फिरतो. हा दोष नव्हे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचाही पंखा फिरत असेल, तर मात्र ऊन हे कारण असू शकत नाही.

म्हणून पहिली तपासणी पहाटेच करावी. एसी बंद ठेवावा, चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवावी आणि इंजिन सुरू करू नये. थंड गाडीत पंखा लगेच फिरू लागला तर दोष विजेच्या बाजूचा आहे. इंजिन तापल्यावरच तो अखंड फिरत असेल तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि रेडिएटर पाहावेत. पंखा कधीही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे हात आणि सैल कपडे त्यापासून दूर ठेवावेत.

विजेच्या बाजूला प्रथम रिले, म्हणजे पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, काढून पाहावा (काही गाड्यांत कमी-जास्त वेगासाठी दोन असतात). रिले काढूनही पंखा फिरत राहिला, तर पुढच्या वायरिंगमध्ये कुठेतरी थेट पुरवठा येत आहे; पूर्वी कोणी पंखा ‘डायरेक्ट’ (रिले वगळून थेट जोडणी) करून दिला असेल, तर तीच तार शोधावी. पंखा थांबला, तर त्याच क्रमांकाचा चांगला रिले बसवावा. आता पंखा शांत राहिला तर जुना रिले गेला आहे. माझ्या गाडीच्या रिलेचे झाकण उघडले तेव्हा आतले दोन पॉइंट काळे पडून एकमेकांना चिकटलेले दिसले. टिचकी मारताच ते सुटले, पण दोन दिवसांत पुन्हा चिकटले. अशा रिलेवर घासकाम करून वेळ घालवू नये.

चांगल्या रिलेनेही पंखा फिरत असेल, तर आज्ञा गाडीच्या संगणकाकडून येते आहे आणि संशय कुलंट तापमानाच्या सेन्सरवर जातो. सेन्सरची तार तुटली किंवा प्लग गंजला, तर संगणकाला खरे तापमान कळत नाही आणि इंजिन वाचवण्यासाठी तो पंखा चालूच ठेवतो. स्कॅनर (संगणकातले दोष-कोड वाचणारे यंत्र) लावल्यास पी०११७ किंवा पी०११८ हे कोड याकडे बोट दाखवतात. थंड इंजिनाचे तापमान बाहेरच्या हवेइतके न दिसता उणे ४० दिसले, तर सर्किट तुटले आहे असे समजावे. मल्टीमीटरवर अनेक सेन्सर २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम दाखवतात. नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

उष्णतेच्या बाजूला इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कुलंटची पातळी पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत गच्च बसतात, तिथे बाहेरून काहीच दिसत नाही. कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेर असे धुवावे. कुलंटमध्ये बोअरचे पाणी कदापि घालू नये, त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. उन्हाळ्यासाठी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्लाही मानू नये. इंजिन तापलेले असून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गरम आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो, तेव्हा नवा बसवावा.

नवा रिलेही लवकर चिकटला, तर पंख्याची मोटर जास्त करंट ओढत असण्याची शक्यता तपासावी. बॅटरीची ऋण तार काढून पंखा हाताने फिरवावा. तो जड किंवा घरघरत फिरत असेल, तर मोटरचेच काम आहे.