कारखान्याच्या बोअरसाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना हरकत: अर्ज कसा भरावा आणि तो कुठे अडतो

प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र हातात आलं की बोअरचं पाणी वापरायला आपण मोकळे, असं बरेच छोटे कारखानदार धरून चालतात. तसं नाही. मंडळ बघतं ते सांडपाणी. जमिनीतून पाणी उपसायची परवानगी वेगळी, आणि ती देतं केंद्रीय भूजल प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1997 साली, पर्यावरण संरक्षण कायदा 1986 च्या कलम 3(3) खाली हे प्राधिकरण नेमलं गेलं. महाराष्ट्रासाठी प्राधिकरणाचं काम बघणारं केंद्रीय भूजल मंडळाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. गोव्याचा स्वतःचा भूजल नियमन कायदा 2002 पासून आहे, त्यामुळे तिथल्या युनिटांनी राज्याच्या जलस्रोत खात्याकडे जायचं. खालची माहिती त्यांच्यासाठी नाही.

सध्याचे नियम 24 सप्टेंबर 2020 च्या अधिसूचनेतले, 29 मार्च 2023 ला दुरुस्त झालेले. अर्ज 2024 मध्ये सुरू झालेल्या भू-नीर पोर्टलवर, पॅन क्रमांकाच्या आधारे. अर्जाचं शुल्क आणि उपशाचे दर अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच बघा. ओळखीच्याने दोन वर्षांपूर्वी किती भरले यावर जाऊ नका.

आधी बघा, अर्ज लागतो का

घरगुती वापर, शेती, ग्रामीण पाणीपुरवठा योजना आणि सैन्यदलाच्या आस्थापनांना ना हरकत लागत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना सूट आहे, पण रोजचा उपसा 10 घनमीटरच्या आत असेल तरच. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, तेव्हा ही मर्यादा दहा हजार लिटरची, साधारण एका मोठ्या टँकरएवढी. आणि ती सगळ्या बोअर-विहिरी मिळून. दोन बोअरमधून सहा-सहा घनमीटर उपसत असाल तर सूट गेली. सूट घेणाऱ्यांनीही उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघुउद्योग नोंदणीचं) आणि मीटरच्या नोंदी हाताशी ठेवाव्यात, कारण तपासणीच्या वेळी दहाच्या आत आहोत हे दाखवायची जबाबदारी आपलीच असते.

दुसरी गोष्ट तालुक्याची वर्गवारी. भूजलाचा उपसा उपलब्ध साठ्याच्या 70 टक्क्यांपर्यंत असेल तर तालुका सुरक्षित, 70 ते 90 अंशतः शोषित, 90 ते 100 शोषित आणि शंभरच्या वर अतिशोषित. अमरावतीच्या संत्रापट्ट्यातले वरुड आणि मोर्शी ही अतिशोषितची जुनी उदाहरणं. अतिशोषित तालुक्यात नव्या उद्योगाला उत्पादनासाठी ना हरकत मिळत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा अपवाद आहे. बाटलीबंद पाण्याच्या प्रकल्पाला मात्र तो अपवादही नाही. चालू कारखान्याला तिथे उपसा वाढवूनही मिळत नाही. म्हणून जागेचा व्यवहार होण्याआधी वर्गवारी बघायची. प्लॉटची इसारपावती झाल्यावर हे कळलं तर सल्लागारही काही करू शकत नाही.

जागेजवळ पाणथळ क्षेत्र असेल तर आखलेल्या हद्दीपासून 500 मीटरपर्यंतच्या प्रकल्पाला आधी पाणथळ प्राधिकरणाची संमती लागते. गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर शेजारी असेल तर राज्याच्या भूजल कायद्याची बंधनं वेगळी. ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.

अर्जाचा गाभा: पाण्याचा ताळेबंद

त्रुटी निघतात त्या बहुतेक इथेच. कागद सगळे असतात, पण चार कागदांवर पाण्याचे चार वेगळे आकडे असतात. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात एकूण पाणीवापर 30, अर्जात मागणी 45, एमआयडीसीच्या बिलावर रोजचे 12, आणि ताळेबंदाची बेरीज 51. तपासणारा अधिकारी पहिल्यांदा हेच जुळवून बघतो.

ताळेबंद खालून वर बांधा. म्हणजे आधी प्रत्येक ठिकाणचा वापर, मग बेरीज, मग मागणी. फळप्रक्रियेच्या एखाद्या मध्यम युनिटचं उदाहरण घेऊ: फळं धुणं 14, प्रक्रिया 9, बॉयलर 6, कूलिंग टॉवर 8, फरशी आणि भांडी धुणं 5 घनमीटर. कामगार 60, माणशी 45 लिटर धरून 2.7. एकूण 44.7. यातून प्रक्रिया केलेलं सांडपाणी कूलिंग आणि फरशीसाठी 9 घनमीटर परत येत असेल तर ताजं पाणी लागतं 35.7. एमआयडीसीकडून 12 मिळत असतील तर बोअरची मागणी 23.7, फार तर 24. इथे लोक हमखास पुढच्या विस्तारासाठी म्हणून 40 लिहितात. तसं करू नका. शुल्क मंजूर उपशावर मोजलं जातं, पीझोमीटरच्या (पाण्याची पातळी मोजायच्या बोअरच्या) अटी त्याच आकड्यावर ठरतात, आणि संमतीपत्राशी आकडा जुळत नाही तो नाहीच.

उलट चूकही होते: मागणी कमी, पंप मोठा. आपला बोअर खरंच किती पाणी देतो हे मोजून बघा. 200 लिटरचा पिंप 80 सेकंदांत भरला तर सेकंदाला अडीच लिटर, तासाला 9 घनमीटर. असा पंप सहा तास चालला की 54 घनमीटर होतात. अर्जात 24 घनमीटर आणि पंप सहा तास असं लिहिलेलं दिसलं की प्रश्न येणारच. 24 साठी या पंपाला दोन तास चाळीस मिनिटं पुरतात. तेवढेच तास लिहा. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, मे महिन्यात बोअर निम्म्यावर येतो, म्हणून पावसाळ्यानंतर केलेल्या मोजणीवर वर्षभराचं नियोजन बेतू नये.

कागद

जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, बोअरच्या जागा दाखवणारा नकाशा, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, पाण्याचा ताळेबंद, पाणीपुरवठा यंत्रणेकडून पाणी मिळत नाही किंवा अपुरं मिळतं याचा पुरावा, बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल, पाऊसपाणी संकलनाचा आराखडा आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. 100 घनमीटरच्या वरच्या मागणीला मान्यताप्राप्त सल्लागाराचा भूजलावरच्या परिणामांचा अहवालही तयार ठेवा. तो घाईत होत नाही.

वेळ खातं ते पाणी न मिळण्याचं पत्र. एमआयडीसी, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, ज्याची हद्द त्याचं पत्र. "पाणी उपलब्ध नाही" एवढंच मोघम पत्र चालवून घेऊ नका. मागणी किती, पुरवठा किती, हे आकड्यांत लिहून घ्या, नाहीतर पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहावं लागतं. हे पत्र हातात आल्याशिवाय बाकीच्यात घाई करण्यात अर्थ नाही.

पाण्याचा नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून, टाकीतून नव्हे तर बोअरच्या तोंडाशी नमुना घ्यायचा. अहवालावर कारखान्याचं पूर्ण नाव आणि बोअरचा क्रमांक असू द्या. नकाशावर "बीडब्ल्यू-1" आणि अहवालात "मागचा बोअर" असं असेल तर दोन्ही एकच आहेत हे कुणाला कळणार?

अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घेताना पत्र्याच्या शेडखाली उभं राहू नका. बोअरजवळ उघड्यावर दोन मिनिटं थांबून आकडा स्थिर होऊ द्या. अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की बोअर शेजारच्या गावात जाऊन बसतो.

पाऊसपाण्याचा आराखडा

छताचं क्षेत्रफळ गुणिले वार्षिक पाऊस गुणिले 0.8 (छतावरच्या पावसापैकी हाती येणारा वाटा). 1,200 चौरस मीटरचं छत आणि 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला 672 घनमीटर. हा आकडा लिहून पुढे टाकी किंवा पुनर्भरण खड्डा कुठे, किती मापाचा, गाळणी कशी, हे नकाशावर दाखवा. चामडे, रंग, रसायनं अशा प्रदूषणकारी उद्योगांनी आवारात पुनर्भरण करायचं नसतं. त्यांनी पाणी टाकीत साठवून वापरायचं. सांडपाणी, मग ते प्रक्रिया केलेलं का असेना, बोअरमधून जमिनीत सोडायला सक्त मनाई आहे. आराखड्यात प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बाण पुनर्भरण खड्ड्याकडे गेलेला असेल तर अर्ज तिथेच थांबेल.

ना हरकत मिळाल्यावर

इथे निष्काळजीपणा महागात पडतो. 30 दिवसांच्या आत प्रत्येक बोअरवर टेलिमेट्री (नोंदी आपोआप दूर पाठवायची सोय) असलेला डिजिटल मीटर बसवून कळवायचं असतं. मीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, वर्षातून एकदा. मीटर बोअर आणि पहिल्या फाट्याच्या मध्ये बसवा. फाट्यानंतर बसवला तर बागेकडे जाणारं पाणी मोजलंच जात नाही आणि तपासणीत ते लपवाछपवीसारखं दिसतं.

पीझोमीटर म्हणजे पाण्याची पातळी मोजण्यापुरता ठेवलेला, पंप नसलेला बोअर. 10 ते 50 घनमीटरसाठी एक, हाताने मोजायचा. 50 च्या वर गेलात की पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र, आणि 500 च्या वर दोन पीझोमीटर, टेलिमेट्रीसह. उपशाच्या बोअरपासून तो किमान 50 मीटर दूर, व्यास 4 ते 6 इंच, खोली उपशाच्या बोअरएवढीच. खोली वाचवायला तीस मीटरवर थांबलात तर वरच्या थराची पातळी मोजली जाते, तुम्ही उपसता तो थर नाही. लहान प्लॉटवर 50 मीटर मिळवणं हीच खरी अडचण, त्यामुळे शेडची आखणी करतानाच कोपरा राखून ठेवा. पातळी महिन्यातून एकदा मोजायची, तीही आसपासचे पंप चार ते सहा तास बंद ठेवून. सोमवारी सकाळी पाळी सुरू होण्याआधीची वेळ याला बरी. तोंडाला कुलूप आणि शेजारी खोली, क्रमांक लिहिलेला कायमचा फलक हवा.

पाण्याचा दर्जा वर्षातून दोनदा तपासायचा: मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सुरक्षित सोडून इतर तालुक्यांत 100 घनमीटरच्या वर उपसणाऱ्या उद्योगांना दरवर्षी जललेखापरीक्षण (पाणीवापराची तपासणी) लागतं. अटी पाळल्याचा स्वयंअहवाल पोर्टलवर एका वर्षाच्या आत भरायचा असतो. कारखाना विकला किंवा नाव बदललं तर ना हरकतीतही बदल करून घ्या. जुन्या मालकाच्या नावावर नवा मालक उपसा करू शकत नाही.

परवानगीशिवाय उपसा सापडला तर पर्यावरण भरपाई लागते. रोजचा उपसा गुणिले दिवस गुणिले दर गुणिले जरबेचा गुणक (जरब बसावी म्हणून रक्कम वाढवणारा आकडा), असा तिचा हिशेब. यात "दिवस" हा आकडा बघा: उशीर झाला तेवढी रक्कम वाढतच जाते. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान 90 दिवस आधी जायला हवा. त्याला मीटरच्या नोंदी, पातळीचा तक्ता, दोन्ही हंगामांचे पाणी-अहवाल आणि पावसाळी टाकीचे फोटो लागतात. या नोंदी पहिल्या महिन्यापासून एका वहीत ठेवा; संपूर्ण वर्षाचे आकडे एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेली वही तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.