समुद्राकाठच्या शहरातील उन्हाळी बाग आणि घरातली माणसे

समुद्राकाठच्या शहरात उन्हाळा सुरू झाला की बहुतेक जण उन्हाचीच चिंता करतात आणि कुंड्यांवर हिरवी जाळी बांधून निश्चिंत होतात. परंतु गच्चीवरच्या किंवा बाल्कनीतल्या रोपांना येथे उन्हाइतकाच जाच खाऱ्या वाऱ्याचा होतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून वारा आत शिरतो. दुपारी त्याचा जोर वाढतो आणि येताना तो मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतो. म्हणून बागकाम, मुलांचा वेळ आणि किनाऱ्यावरची फेरी या सर्वांची आखणी वाऱ्याच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून करावी.

पहिले एक-दोन दिवस वारा कोणत्या बाजूने येतो, एवढेच पाहावे. कठड्याला दोऱ्याचे दोन-तीन तुकडे बांधले आणि ते सकाळी, दुपारी व संध्याकाळी कोणत्या दिशेला उडतात हे पाहण्याचे काम मुलांकडे सोपवले, तर ते मन लावून केले जाते आणि आपल्याला हवी ती माहितीही मिळते. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करताना पत्रा किंवा प्लायवूड लावू नये. भक्कम आडोशावरून वारा उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो आणि रोपे अधिकच झोडपली जातात. निम्मा वारा अडवणारी आणि निम्मा आत सोडणारी जाळी किंवा बांबूची तट्टी हे काम पुष्कळ चांगले करते.

याच आडोशाच्या हिशेबाने रोपे मांडावीत. बाहेरच्या रांगेत बोगनवेल, चाफा, सदाफुली, कोरफड, चिनी गुलाब अशी खारा वारा सोसणारी मंडळी ठेवावी आणि त्यांच्या आड पुदिना, तुळस, टोमॅटो, मोगरा यांना जागा द्यावी. कण्हेरही खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, परंतु तिचे सर्व भाग विषारी असतात. सदाफुलीही पोटात गेल्यास अपायकारक आहे. घरात रांगते मूल किंवा पाने चघळणारे मांजर असेल, तर कण्हेर आणूच नये आणि सदाफुलीची कुंडी उंचावर, पण भिंतीलगत ठेवावी. कठड्यावर कुंडी ठेवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण दुपारच्या झोताने ती खाली रस्त्यावर कोसळू शकते.

मातीच्या बाबतीत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कुंडीत मिसळू नये, कारण तिच्यात मीठ असते. कोकोपीटमध्येही (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पुष्कळदा क्षार असतात, म्हणून ते वापरण्यापूर्वी बादलीत भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदलून घ्यावे. कंपोस्ट भरपूर घालावे आणि वर वाळलेल्या पानांचा दोन बोटे जाड थर पसरावा. या थराने माती गार राहते आणि वाऱ्याने उडून जाणारा ओलावा टिकतो.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर घालावे. दमट हवेमुळे माती ओलीच असेल असा समज होतो, तर कधी वरचा थर कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो. त्यामुळे बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहणे हीच खात्रीची परीक्षा होय. पानांकडेही जवळून पाहावे. पाण्याअभावी रोप मलूल होते आणि पाणी मिळताच सावरते. मिठाचा त्रास असेल, तर पान ताठच राहते, पण त्याचे टोक आणि कडा तपकिरी होऊन करपतात, आणि मधला भाग हिरवा राहिल्यामुळे पानाला जणू जळकी किनार लावल्यासारखी दिसते. अशा वेळी आणखी खत घालणे हा उलटा उपाय ठरतो, कारण खतातही क्षारच असतात. जोराचा वारा वाहून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याने पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत. हे काम रात्री करू नये. दमट हवेत पाने रात्रभर ओली राहिली, तर बुरशी धरते.

कुंडीच्या कडेवर किंवा मातीवर पांढरा थर जमू लागला, की क्षार साचले असे समजावे. वरचा थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून तळाच्या छिद्रातून पूर्ण वाहू द्यावे. समुद्राजवळच्या विहिरी आणि बोअरवेल यांचा उपसा उन्हाळ्यात वाढला, की खारे पाणी जमिनीखालून आत सरकते. त्यामुळे इमारतीत असे पाणी येत असल्यास नाजूक रोपांसाठी भाज्या-फळे धुतलेले पाणी साठवून वापरावे.

मुलांना बागेची गोडी लावायची असेल, तर त्यांना फार काळ वाट पाहायला लावणारे काम देऊ नये. यासाठी चिनी गुलाबासारखे दुसरे रोप नाही. बोटाएवढी फांदी तोडावी, खालची पाने काढावीत आणि ती ओलसर मातीत खोचावी. तिला मुळे फार लवकर फुटतात. फूल उन्हाबरोबर उमलते आणि ढगाळ दिवशी मिटलेलेच राहते, हे मुलांच्या एकदा लक्षात आले की ती स्वतःहूनच आकाशाकडे आणि कुंडीकडे पाहू लागतात. लिंबाचे रोप असल्यास त्याच्या कोवळ्या पानांवर फुलपाखरू अंडी घालण्याची शक्यता असते. त्यातून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून शिंगांसारखा नारिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. रोप चांगले पोसलेले असेल, तर या अळ्या मारू नयेत असे माझे ठाम मत आहे. गेलेली पाने पुन्हा फुटतात, आणि कोशातून बाहेर येणारे फुलपाखरू घरच्या घरी पाहायला मिळणे ही मुलांसाठी मोठी गोष्ट असते.

पक्ष्यांसाठी उथळ, खडबडीत पसरट भांडे सावलीत ठेवावे, त्यात दोन बोटांपेक्षा जास्त पाणी नसावे आणि ते रोज बदलावे. कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात, अन्यथा साचलेल्या पाण्यात डास वाढतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक-दोन कुंड्या कमरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर मांडाव्यात, म्हणजे त्यांना वाकावे लागत नाही.

आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून किनाऱ्यावर जावे, ते मात्र ओहोटी पाहून. अनेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते तेव्हा ओहोटीचे पाणीही सर्वांत दूर जाते, आणि एकाच ठिकाणी अशी मोठी ओहोटी दर वेळी जवळपास त्याच प्रहरी येत असल्यामुळे पुढच्या फेऱ्या आधीच ठरवता येतात. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरताच परतावे. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसली, तर मुलांना तिथे बसवावे; लहान खेकडे वाळूतले अन्न गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात. उलटवलेला दगड पूर्वी होता तसाच ठेवावा, जिवंत शंख घरी आणू नयेत आणि शेवाळलेल्या खडकांवर समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये.

सुट्टीत काही दिवस गावाला जायचे असल्यास सर्व कुंड्या भिंतीलगत सावलीत एकत्र आणाव्यात, भरपूर पाणी द्यावे आणि मोठ्या रोपांसाठी बादलीतून कुंडीच्या मातीपर्यंत सुती दोरी लावावी, म्हणजे ओलावा हळूहळू पोहोचत राहतो. बादली झाकूनच ठेवावी. परत आल्यावर रोपे एकदम उन्हात नेऊ नयेत. चार-पाच दिवस सकाळचे कोवळे ऊन दाखवून मगच त्यांना पूर्वीच्या जागी हलवावे.