झावळ्यांच्या रविवारची तयारी: या वर्षी आईला न्यायचंय

यादीची सुरुवात म्हशीपासून करतो, कारण गेली चार वर्षं सगळं तिथंच अडलंय. आमची म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. त्यामुळं झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी (पाम संडे), आम्ही सगळे मिरजेला चर्चमध्ये उपासनेला जातो आणि आई गोठ्यात राहते. "तुम्ही जाऊन या, माझी प्रार्थना इथंच होती," असं ती दरवेळी म्हणते आणि आम्ही दरवेळी ऐकून घेतो. यंदा ऐकायचं नाही, असं दादाचं आणि माझं ठरलंय. खालची सगळी तयारी त्या एका गोष्टीसाठी आहे.

म्हशीची तयारी दोन दिवसांत होत नाही, तिला पंधरवडा आधी हात घालावा लागतो. वहिनींनी रोज आईबरोबर धारेला बसायला सुरुवात केलीय. पहिले चार दिवस नुसतं शेजारी बसायचं, पाठीवरून हात फिरवायचा. मग आंबोण वहिनींनी ठेवायचं आणि कास आईनं धुवायची. त्यानंतर आईचं रोजचं जुनं पातळ वहिनींनी अंगावर घ्यायचं, कारण जनावर आधी वास ओळखतं. बादली तीच, जागा तीच, वेळही तीच ठेवायची. परवा फोनवर वहिनी म्हणाल्या, दोन थानं पिळू दिली, मग मागचा पाय उचलला. म्हणजे जमायला लागलंय. शनिवारी सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा वहिनींनीच काढायच्या आणि आईनं घरात बसायचं, गोठ्याच्या दारात उभंसुद्धा राहायचं नाही. ती दिसली की म्हैस तिच्याकडं बघत राहणार.

आम्ही पुण्याहून शुक्रवारी संध्याकाळी निघणार. आरगच्या बाजूला आमचं रान आहे, घर रानातच. निघायच्या आधी आईच्या बीपीच्या गोळ्या पुण्यातूनच महिनाभराच्या घ्यायच्या, म्हणजे शनिवारी मेडिकलसाठी वेगळी चक्कर नको. पोरांचे पांढरे कपडे इस्त्री करून वेगळ्या पिशवीत. जुनी चप्पल विसरायची नाही, रानात बूट चालत नाहीत.

पैशाचं काम शनिवारवर ढकलायचं नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. त्यात मार्चअखेर, सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं करायला (जुनं फेडून नवं उचलायला) गावातली निम्मी माणसं रांगेत असतात. दादानं ते काम गुरुवारीच उरकायचं. सात-बारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स एका पाकिटात घालून ठेवायच्या. मागच्या वर्षी एका झेरॉक्ससाठी अख्खी दुपार गेली होती.

शनिवारी उजाडताच हळद. फेब्रुवारीत शिजवलेली हळद आता ताडपत्रीवर वाळून आलीय. ती वाळली का नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. ढिगाच्या मधलं हळकुंड घ्यायचं आणि मोडायचं. टणकन आवाज करून तुटलं तर पॉलिशला तयार, नुसतं वाकलं तर अजून ऊन पाहिजे. कडेचं हळकुंड घेऊन फसू नका, ते नेहमी आधी वाळतं. दिवसातून दोनदा उलथायची आणि संध्याकाळी गोळा करून झाकायची. या दिवसांत वळीव कधीही येतो, आणि शिजवलेली हळद भिजली की रंग गेला, रंग गेला की सौद्यात दर गेला. म्हणून रविवारी घर सोडताना ढीग उघडा ठेवायचा नाही, आभाळ कितीही निरभ्र असू दे. एक दिवसाचं ऊन गेलं तरी चालेल. ताडपत्रीला भोकं आहेत का, हे शनिवारी दुपारी उन्हाकडं धरून बघायचं. कडेला दगड नकोत, वाऱ्यानं सरकतात. मातीनं भरलेली पोती ठेवायची.

बेण्याचे गड्डे आंब्याखाली सावलीत आहेत, वर हळदीचाच पाला टाकलाय. एकरी 10 क्विंटलच्या आसपास बेणं लागतं, ते आत्ता कुजलं तर अक्षय्य तृतीयेनंतर लावायला काय आणणार? ढिगात हात घालून बघायचं. आत गरम किंवा ओलं लागलं तर ढीग मोडून पसरायचा, मऊ पडलेले गड्डे काढून टाकायचे.

शाळूची मळणी झालीय, कडबा अजून खळ्यावर पडलाय. पेंढ्या बांधलेल्या आहेत, फक्त गंज रचायची. हे काम सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. पेंढी उचलायच्या आधी काठीनं हलवायची, खाली घोणस असू शकते. पोरांना गंजीवर चढायची हौस असते, चढू दे, पण जमिनीवरच्या पेंढ्यांना त्यांनी हात लावायचा नाही.

उसाच्या पाण्याचं दादानं आधीच बघावं. म्हैसाळ योजनेचं आवर्तन चालू असेल आणि आपली पाळी शनिवारी रात्री येत असेल, तर शेजाऱ्याशी बोलून बदलून घ्यायची. रात्रभर दारं मोडलेला माणूस सकाळी उपासनेत जागा कसा राहील? ड्रिपसाठी चार एंड कॅप आणि दोन जॉइनर लागतील, स्टार्टरचा फ्यूज काळा पडलाय. हे आणि सरकी पेंडीचं पोतं असं सगळं शनिवारी बेडगला किंवा मिरजेला एकाच फेरीत आणायचं. त्याच फेरीत भाजी. उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या घरात मटण शिजत नाही, आजीपासूनची रीत आहे. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर तीच घ्या. भरली वांगी रात्री करून ठेवली की रविवारी दुपारी फक्त भाकरी थापायच्या राहतात.

आता झावळ्या. ओढ्याकाठची शिंदी आपलीच आहे. कापायच्या शनिवारी ऊन कलल्यावर. सकाळी कापल्या तर रविवारपर्यंत पानं मिटून दोरीसारखी होतात. खालच्या झावळ्या घ्यायच्या, शेंड्याच्या कोंबाला कोयता लागू द्यायचा नाही. देठाजवळचे काटे सुईसारखे असतात. ते एकेक करून तासायचे आणि मग देठावरून उलटा हात फिरवून बघायचा, कारण मिरवणुकीत हीच झावळी लहान पोरांच्या हातात असते. कापलेला बुडखा बादलीत पाण्यात, वरून ओलं गोणपाट. 25 झावळ्या नेऊ, शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या) पोरांना पुरतील. पाळकसाहेबांना आधी फोन करून सांगितलेलं बरं, नाहीतर आणखी कुणीतरी तेवढ्याच आणतं.

आमचे पणजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कामाला होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी ते 1894 साली सुरू केलं. पणजोबांपासून घरातलं प्रत्येक माणूस या रविवारी झावळी घेऊन चाललंय. आईसुद्धा लग्न होऊन आल्यापासून चालायची, गोठा तिच्या एकटीवर पडेपर्यंत.

रविवारी साडेचारला उठायचं. वहिनी धारेला, मी वैरणीला. कडबा शनिवारी रात्रीच कुट्टी करून ठेवायचा, म्हणजे सकाळी मशीनचा आवाज नको आणि म्हैस बिचकायला नको. दूध घेऊन दादा साडेसहाला डेअरीत. पाण्याची टाकी भरलेली, जनावरं सावलीत बांधलेली. शेजारच्या चाचांना आधीच सांगून ठेवलंय, ते दहा-साडेदहाला एक फेरी मारतील. ईदेला त्यांचा गोठा आपण बघतो, वडलांच्या वेळेपासून असंच चाललंय. चावी त्यांच्याकडं, दादाचा नंबर त्यांच्याकडं.

आईची पांढरी साडी पेटीत तळाला आहे. ती वहिनींनी शनिवारी काढून उन्हात टाकायची, आईला विचारायचं नाही, विचारलं तर ती नको म्हणेल. चष्मा, गीतांचं पुस्तक, दानार्पणाचं पाकीट तिच्या पिशवीत घालून ठेवायचं. गाडीत पुढची जागा तिची, गुडघे दुखतात. आठच्या आत निघायचं. झावळ्या मागे आडव्या ठेवायच्या, पोरांच्या मांडीवर नकोत.

उपासना संपल्यावर माणसं तिला सोडणार नाहीत, चार वर्षांनी दिसतेय. तिथं घाई करायची नाही. दादानं वाटलं तर पुढं मोटारसायकलनं येऊन जनावरांना पाणी दाखवावं आणि हळदीवरची ताडपत्री काढावी. आईला बोलू दे.