दवाखान्यातला कचरा: चूक खाटेपाशीच होते, ती टाळा

दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो: कागद, खोकी, उरलेलं अन्न. पण रक्ताने भिजलेला एक बोळा त्यात पडला की सगळी पिशवी धोकादायक धरावी लागते. ‘नंतर निवडू’ म्हणणं ही सर्वांत महाग चूक. एकदा मिसळलेला कचरा हाताने परत निवडायचा नसतो.

सुयांच्या बाबतीत चुकीला माफी नाही. इंजेक्शन दिल्यावर टोपण परत बसवताना ते निसटतं आणि सुई थेट बोटात शिरते. म्हणून टोपण लावायचं नाही, सुई वाकवायची नाही. ती लगेच जाड, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. डबा ट्रॉलीवर, हात पोहोचेल इतका जवळ हवा. तो लांब असला की वापरलेली सुई ट्रेमध्ये कापसाखाली राहते आणि ट्रे आवरणाऱ्या मावशींना टोचते. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा, दाबून जागा करू नका. तरीही टोचलीच, तर जखम पिळू किंवा चोखू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. कचरा उचलणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस आधीच मिळालेली हवी. ही गोष्ट बऱ्याचदा राहून जाते.

सांडलेल्या रक्तावर थेट ब्लीच ओतून भागत नाही, रक्तच त्यातलं क्लोरीन खाऊन टाकतं. आधी हातमोजे घालून ते टिपून घ्या, मग ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण वापरा (५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ भागाला ९ भाग पाणी). द्रावण रोज ताजं करा. त्यात आम्लयुक्त क्लीनर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पीव्हीसी प्लास्टिकच्या नळ्या आणि पिशव्या जाळल्या तर डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात, त्या भट्टीत नकोच.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, गच्च बांधलेली पिशवी ठेवली तर वाफ आत जात नाही. वेळ मोजायची ती तापमान १२१ अंश सेल्सिअसवर पोहोचल्यावर. पिशवीवर लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवर पट्टे उमटले म्हणजे बाहेर उष्णता लागली एवढंच कळतं. आतले जंतू मेले का, ते बीजाणू चाचणीच (उष्णतेला चिवट जिवाणूंचे बीजाणू आत ठेवून ते मेले का हे पाहणं) सांगते.

वॉर्डवार वजनाची नोंद रोज ठेवा. रुग्ण तेवढेच असताना धोकादायक कचऱ्याचं वजन वाढलं, तर आधी पाहा की त्या कचऱ्याचा डबा नातेवाइकांच्या खुर्चीशेजारी सरकून त्यात साधा कचरा पडतो आहे का.