लाल मुनिया बघायला जाताय? या चुका टाळा

माझ्या एका जुन्या वहीत एप्रिलमधली नोंद आहे: "तळ्याकाठी लाल मुनिया, माद्या २०-२२, नर एकही नाही." त्या दिवशी मी भलताच खूश होतो. नर गेले कुठे, यावर घरी येऊन एक सिद्धांतही मांडला होता. तो काय होता ते सांगत नाही, कारण नर कुठेही गेले नव्हते. ते त्याच थव्यात माझ्यासमोर बसले होते, फक्त लाल नव्हते.

या पक्ष्याबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. नावात लाल आहे म्हणून आपण बारा महिने लालच शोधत बसतो.

लाल मुनियेचा, म्हणजे आपल्या पक्षीपुस्तकांतल्या लाल मनोलीचा, नर विणीच्या हंगामापुरताच शेंदरी-किरमिजी होतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, पंख तपकिरी, शेपटी काळसर, डोळ्यापाशी काळी रेघ. हंगाम सरला की ती पिसं गळतात आणि नर जवळजवळ मादीसारखा मातकट होतो. तिच्या कुळात वर्षातून असे कपडे बदलणारे पक्षी फार थोडे, त्यामुळे इतर मुनियांवरून अंदाज बांधायला गेलात तर हमखास फसाल. आपल्याकडे वीण पावसाशी बांधलेली असते. गवत वाढतं, बी धरतं, तेव्हा पिलांना खायला मिळतं. म्हणून पावसाळ्यात आणि त्यापुढे हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत लाल नर बघावेत. भर उन्हाळ्यात सुट्टी आहे म्हणून मुलांना घेऊन गेलात, तर तुम्हाला तपकिरी पाखरं दिसतील आणि मुलं पुन्हा तुमच्याबरोबर येणार नाहीत.

मग उन्हाळ्यात ओळखायची कशी? कमरेकडे बघा. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या भागावर लाल पट्टा असतो. तो मादीला असतो आणि रंग उतरलेल्या नरालाही असतो. बसलेल्या पक्ष्याचे पंख तो झाकतात, पण थवा उडाला की क्षणभर चमकून जातो. पंखांवर थोडे पांढरे ठिपकेही असतात. चोचीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती लाल असते हे खरं, पण तिचा रंगही ऋतूनुसार गडद-फिका होत राहतो. आणि चोच काळसर, पंखांवर बदामी पट्टे, कमरेला लाल अजिबात नाही, असा पक्षी दिसला तर तो वेगळ्या जातीचा असेलच असं नाही. ते यंदाचं पिल्लू असतं. "मुनियांच्या थव्यात हे कोण?" म्हणून लोक ज्याचे फोटो पाठवतात, तो बऱ्याचदा हाच असतो.

आता उलटी चूक. लाल दिसलं की मुनिया! हिवाळ्यात आपल्याकडे रोझफिंच येतात. त्यांच्या नराच्या डोक्यावर आणि छातीवर लाली असते, पण तो चिमणीएवढा असतो आणि अंगावर ठिपके नसतात. लाल मुनिया चिमणीहून बरीच लहान, जेमतेम १० सेंटीमीटर. लहान निखार हाही लालसर-नारिंगी दिसतो, पण तो झाडाच्या शेंड्यात किडे टिपत फिरतो. मुनिया गवताच्या काडीला लटकून बी खाते. ठिपकेवाली मनोली तर नावामुळेच गोंधळ घालते. तिच्या पोटावर खवल्यांसारखी नक्षी असते, सुटे पांढरे ठिपके नव्हेत, आणि तिची जाड चोच काळपट असते. रंगाआधी पक्षी कशावर बसलाय आणि काय खातोय हे पाहिलं, तर निम्मे गोंधळ दुर्बीण डोळ्याला लावायच्या आतच मिटतात.

कशावर बसलाय यावरून जागेबद्दल. पुष्कळ नवशिके मोठमोठी झाडं असलेल्या बागेत जाऊन निराश होतात. या पक्ष्याला झाडाचं फारसं काही पडलेलं नाही. त्याला लागतं उंच गवत आणि जवळ पाणी: तळ्याकाठचं पाणकणीस, बोरू, उसाच्या फडाची कड, माजलेलं गिनी गवत. मुंबईकडे भांडुप-उरणच्या बाजूला, पुण्यात पाषाण आणि कवडीला, नाशिककडे नांदूर मध्यमेश्वरला अशा जागा आहेत. पण खरं सांगायचं तर नावाजलेल्या ठिकाणीच जायला हवं असं नाही. गावाबाहेरचा नाला, ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिथे जास्त शांतपणे दिसतात. मात्र पुढच्या वर्षी तोच नाला "स्वच्छ आणि सुंदर" झालेला असू शकतो. गवत गेलं की मुनियाही गेली.

तिथे पोचल्यावर चालत सुटू नका. थवा गवतात बसला की पार नाहीसा होतो. बारीक, टोकदार, एकसुरी चिवचिव ऐकू येते, दिसत काहीच नाही. अशा वेळी लोक गवतात घुसतात, थवा भर्रकन उडतो आणि पलीकडच्या गवतात जाऊन पुन्हा दिसेनासा होतो. एका जागी बसा. बी धरलेली, वाऱ्याच्या उलट हलणारी काडी शोधा. तिच्या टोकाला कुणीतरी असतं.

फोटोवाल्यांची नेहमीची तक्रार: नर सापडला, जवळ मिळाला, पण फोटोत नुसता लाल गोळा आला, पिसं दिसतच नाहीत. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. कडक उन्हात लाल रंग इतरांच्या आधी फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे पुसले जातात, आणि साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं दाखवतो. लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम बघा, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या आणि सकाळच्या पहिल्या तासातच काम उरका. दहानंतरच्या उन्हात काढलेला फोटो संगणकावर कितीही खेचला तरी ते ठिपके परत येत नाहीत.

घरट्याबाबत मात्र मी सौम्य बोलू शकत नाही. गवताचा पोकळ गोळा, बाजूला दार, आत पिसांचं अस्तर. जमिनीपासून फार उंच नाही, झुडपात किंवा दाट गवतात. अंडी पांढरी, बहुधा चार ते सहा. ते टिकतं ते केवळ आजूबाजूच्या गवताच्या आडोशामुळे. एका वर्षी आम्ही पाहिलेल्या घरट्यासमोरचं गवत दुसऱ्या दिवशी कात्रीने कापल्यासारखं साफ होतं. कुणाला तरी मोकळी चौकट हवी होती. तिसऱ्या दिवशी घरटं फाटलेलं मिळालं. मांजर की भारद्वाज, ते कळलं नाही, पण वाट कुणी करून दिली ते कळत होतं. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे तेच काम शंभर जणांकडून करून घेणं.

शेवटची चूक पैसे देऊन केली जाते. पक्षी विकणारे लाल मुनियेला "स्ट्रॉबेरी फिंच" म्हणतात; ते गोड नाव ऐकून लोकांना वाटतं हा परदेशी पक्षी, झेब्रा फिंचसारखा. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाचा. लाल मुनिया आपली, इतकी आपली की तिचं शास्त्रीय नावच अमदावादवरून पडलं आहे. पूर्वी पिंजऱ्यातले हे पक्षी तिथून परदेशी जात. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली तिला नाव दिलं, त्यात तेच शहर अपभ्रष्ट होऊन बसलं: अमान्डवा. पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची वंशावळ आज स्पेनपासून फिजी आणि हवाईपर्यंत रानात नांदते. आपल्याकडे मात्र ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१पासून बंदी आहे. विकणारा काहीही सांगो, पाळणं गुन्हाच.

तरीही कुणी आणतं आणि काही महिन्यांनी विचारतं, "रंग का गेला? रंगवून दिला होता का?" रंगवून विकण्याचा प्रकार चालतो, साध्या मुनियांना हिरवं-लाल फासतात. पण खरा लाल नरसुद्धा हंगाम संपल्यावर मातकट होणारच. शिवाय पिंजऱ्यात, उन्हाविना, चुकीच्या खाण्यावर काहींची पिसं पुढच्या वेळी काळपट येतात. औषध शोधत बसू नका.

असा पक्षी हाताशी आला आणि उपरती झाली, तरी गच्चीवर नेऊन सोडू नका. पंख कापलेले असू शकतात, आणि दिवस थव्यात व रात्र एकमेकांना चिकटून काढणारं पाखरू एकटं सोडलं तर तगणं कठीण. खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा, अंधारात, शांत जागी, आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. दंडाच्या भीतीने बरेच जण हा फोन टाळतात आणि पक्षी खिडकीतून उडवून मोकळे होतात.